माधवगंजातली सात घरं

१

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता माधवगंज नाहीसं झालं.

म्हणजे खरं माधवगंज होतं तिथंच होतं. दुकानं उघडली होती, देवळातली घंटा वाजत होती आणि माझ्या दारासमोरची भाजीवाली रोजच्यासारखी गिऱ्हाइकाशी भांडत होती. नाहीसं झालं ते नकाशातून. महाराज बाड्यावरच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकातल्या, एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर 'व्यापार-वस्ती नकाशा कक्ष' नावाची तीन खोल्यांची सरकारी कचेरी होती. तिथं भिंतीवर आमच्या लष्कर नावाच्या शहरभागाचा चार हात लांब रंगीत नकाशा लावला होता. दुकान म्हणजे लाल ठिपका, घर म्हणजे निळा. बाड्यावरच्या हातगाड्या हलवून नवी मंडई कुठं बांधायची ते हा नकाशा बघून ठरणार होतं. मंडईच्या समितीचे साहेब चहाचा कप घेऊन पुढे गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "माधवगंज में तो आदमी ही नहीं रहते. मंडी किसके लिए बनाएँ?"

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मी माधवगंजात राहतो.

बघितलं तर साहेबांचं खरं होतं. माधवगंजात लाल ठिपके भरपूर, निळे जवळजवळ नाहीत. आमची सगळी घरं बाड्याच्या मधोमध एकावर एक चढून जांभळाएवढा निळा डाग होऊन बसली होती.

मी जयसिंहराव धुमाळ. बत्तीस वर्षं पोस्टमन, त्यातली वीस माधवगंजच्या बीटवर. आमचे पूर्वज दख्खनेतून तलवार घेऊन आले, मी पिशवी घेऊन फिरलो. पायपीट दोघांची सारखीच. निवृत्त झाल्यावर कक्षाचे प्रमुख भालचंद्र मोघे यांनी मला बोलावलं. म्हणाले, "मशीनला गल्ल्या कळत नाहीत, जयसिंगा, तुला कळतात." भालचंद्र माझा चाळीस वर्षांचा मित्र. मग मी आणि कक्षातली शरयू दातार दारोदार फिरलो. मी घर दाखवायचो, ती लिहायची: नाव, माणसं किती, दुकान कसलं. प्रत्येक घराला मोहल्ल्याचा कोड. कोड असला की संगणकातला नकाशा ते घर बरोबर जागी बसवायचा. कोड कोरा असला की मशीन बावचळायचं आणि घराला शहराच्या मध्यावर, बाड्यावर नेऊन टाकायचं.

"ये किसका काम है?" साहेबांनी विचारलं.

भालचंद्र हळू आवाजात म्हणाला, "पत्त्यांचं काम शरयूकडे होतं, साहेब. कोड कोरे राहिलेत असं दिसतंय. मी अहवाल देतो."

शरयू भिंतीला टेकून उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि त्याचं कारण मंडई नव्हती. सन दोन हजारचा ऑक्टोबर होता तो. एक नोव्हेंबरला मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं निघणार होतं. वेगळे होणारे भाऊ भांडी वाटून घेतात तशी कचेऱ्या-कचेऱ्यांतली माणसं वाटली जात होती. आमच्या कक्षातल्या चौघांपैकी एकाला रायपूरला जायचं होतं. शरयूला नवरा गेल्यावर त्याच्या जागी नोकरी मिळालेली आणि घरी आंधळी सासू, म्हणून तिला सूट होती. पण कामात कसूर निघाली की सूट संपली. शुक्रवारी अहवाल भोपाळला जाणार होता.

२

"काका, मी शनिवारी स्वतः बघितलं," शरयू म्हणाली. "चारशे बारा घरं. एक पण कोरं नव्हतं. मी छापून पण काढला होता."

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी बसलो होतो. देवघरात नवरात्राचा घट होता, त्याच्या मातीत गव्हाचे पिवळसर कोंब वीतभर आले होते. नंदादीप तेवत होता. तिची सासू शांताताई त्याच्याजवळ बसली होती. बारा वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिची नजर गेली. पण त्या घरात ती अशी वावरते की नवख्याला कळतही नाही. सात पावलांवर न्हाणी, भिंतीला हात लावून चार पावलांवर चूल. त्या घराबाहेर मात्र तिला कुणाचा हात धरल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

"तो छापलेला नकाशा कुठंय?"

"कपाटात ठेवला होता. आज सकाळी नाही भेटला. मोघेकाका बोलले, जाऊ दे, मशीनमध्ये आहे ना, दुसरा काढ. दौलतसिंहनं काढला, न बघता, साहेब लोक आलेच होते."

"म्हणजे शनिवार दुपार ते मंगळवार सकाळ यात कुणीतरी आत जाऊन कोड पुसले. मधे रविवार आणि गांधीजयंतीची सुट्टी."

"मला कोण कशाला करेल असं?" शरयू म्हणाली. "काका, आईंना मी रायपूरला कशी नेऊ? आणि ठेवू तरी कोणाजवळ?"

शांताताई वाती वळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "जयसिंगराव, या पोरीनं माझ्यासाठी दुसरं लग्न मोडलं. लोक विसरले असतील, मी नाही. तुम्ही जरा बघा ना कोण आहे ते."

मी हो म्हणालो. उठताना भालचंद्राचं म्हणणं आठवलं. कचेरीच्या जिन्यात त्यानं मला बाजूला घेतलं होतं. "नवरात्रात कशाला कडू करतोस? झाली चूक पोरीच्या हातून. मी लिहीन सांभाळून." तेव्हा ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

३

बुधवारी मी कचेरीत गेलो. चौकशी करायचा मला काही हक्क नव्हता, पण पोस्टमनला कुणी दारात अडवत नाही ही सवय निवृत्तीनंतरही उपयोगी पडते.

पहिली राजलक्ष्मी. आवक-जावक तिच्याकडे आणि किल्लीही तिच्याकडे. पन्नाशीची, पदर खोचून बसणारी, कुणाचंही मनाला लावून न घेणारी बाई.

"दोन किल्ल्या आहेत," ती म्हणाली. "एक मोघेसाहेबांजवळ, एक माझ्याजवळ."

"तुमची कुठं होती सुट्टीत?"

ती आवक-रजिस्टर विनाकारण चाळायला लागली. माझी नजर सवयीनं ओळींवरून गेली. घटस्थापनेच्या दिवशीची नोंद: भोपाळ, रजिस्टर्ड, श्री. भालचंद्र मोघे. खाली भालचंद्राची वळणदार सही. पत्रं बघायची खोड काही जात नाही माझी.

"राजलक्ष्मीबाई, किल्ली."

"दौलतसिंहला दिली होती. रविवारी सकाळी घेऊन गेला, मंगळवारी आणून दिली. बोलला मशीन साफ करायचंय." मग आवाज खाली आणून, "माझं नाव नका सांगू, हं. मला पण रायपूरला नाही जायचंय."

दौलतसिंह आतल्या खोलीत संगणकापुढे होता. सव्वीस वर्षांचा, आमच्यातलाच मराठा, भोपाळहून मशीनचं शिकून आलेला. दुसऱ्या वाक्याला हिंदीत घसरतो, पण पोर चलाख.

"काका, बैठिए ना. मी तर फक्त प्रिंट दिला. डेटा दीदींचा होता."

"फाईल शेवटची कधी बदलली ते मशीन सांगतं का?"

तो थबकला. मग त्यानं दोन बटणं दाबली आणि बोट दाखवलं. सोमवार, दोन ऑक्टोबर, दुपारी बारा पन्नास.

"सोमवारी सुट्टी होती," मी म्हणालो. "आणि किल्ली तुझ्याजवळ होती."

त्यानं खुर्ची मागे सरकवली आणि दार लावून घेतलं.

४

दार लावून तो एवढंच म्हणाला, "मी आलो होतो, पण सोमवारी नाही, रविवारी. काय करत होतो ते कल बताता हूँ. मला एक दिन द्या." आणखी खोदलं तर तोंड उघडेना. रविवारी आला होता याला पुरावा काही नाही, सोमवारी आला नाही याला त्याहून नाही. माझ्या मनात तो जवळजवळ ठरला. आपल्याला रायपूरला जायला लागू नये, म्हणून त्यानं दुसऱ्याचं नाव पुढं केलं, इतकं सरळ.

गुरुवारी सकाळी मी आणि भालचंद्र रोजच्या दुकानात बेडई, म्हणजे डाळीची पुरी, खायला बसलो. सराफ्याच्या तोंडाशी ते दुकान आहे. चाळीस वर्षं आम्ही तिथं एकाच बाकावर बसत आलो. त्याचे पूर्वज दरबारी पुरोहित. तो नोकरीत शिरला, पण वडिलांची थोडी यजमानकी त्यानं चालू ठेवली होती. नवरात्रात उपरण्यात पोथी बांधून तो सकाळी निघायचा.

"दौलतसिंह असेल तर मला वाईट वाटेल," मी म्हणालो.

"असेलही," भालचंद्र म्हणाला आणि बटाट्याची भाजी पुढे सरकवली. "तरुण मुलांना सगळं झटपट पाहिजे."

"तुझी किल्ली कुठं होती रे? विचारायला पाहिजे म्हणून विचारतो."

तो हसला. "विचार की. कमरेला होती. पण सोमवारी मला उसंत कुठली? जगदेवरावांकडून सुरुवात केली. मग सूर्याजी, मुकुंदराव, रघुनाथराव, सुधाताई, मंदाताई. एकेक अध्याय आणि आरती. शेवटी शरयूकडे, तिथं सप्तशतीचा पूर्ण पाठ असतो. एक वाजेपर्यंत तिच्या सासूसमोर बसलो होतो. शरयू तेव्हा सासूची औषधं आणायला गेली होती, पण शांताताईंना विचार."

मी खिशातल्या जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर ही नावं त्याच क्रमानं लिहून घेतली. संशय म्हणून नव्हे. कुणी घरं सांगायला लागलं की माझा हात आपोआप लिहितो. भालचंद्रानं ते बघितलं आणि माझ्या चहाचेही पैसे देऊन टाकले.

५

दुपारी दौलतसिंहनं आपलं गुपित उघडं केलं. नोएडाच्या एका कंपनीत अर्ज करायचा होता. रविवारी तो कचेरीच्या मशीनवर तो टाईप करत बसला होता. त्याची फाईल त्यानं मला दाखवली, तिच्यावर रविवारचीच तारीख होती.

"मला रायपूर भेजें या भोपाल, काका, मी तर चाललो. मी दीदींना कशाला फसवू?"

"फाईलवर सोमवार आहे आणि किल्ली तुझ्याकडे होती. साहेब एवढंच बघतील."

"तर मग हे पण बघा." त्यानं कोरे कोड असलेली सगळी घरं नकाशावरून बाजूला काढली. "मला चारशे घरं पुसायची असती तर एक कमांड देतो. माधवगंज निवडा, कोड पुसा, खल्लास. आधा मिनट." त्यानं दुसऱ्या मोहल्ल्याची नक्कल घेऊन करून दाखवलं. सगळी घरं एका झटक्यात उडाली, एकही उरलं नाही. "इथं तसं नाही झालं. इथं कुणीतरी एकेक ओळ वाचून, एकेक कोड पुसलाय. देखिए, कितने बच गए."

मी पडद्याजवळ तोंड नेलं. भिंतीवरच्या नकाशात लाल ठिपक्यांच्या गर्दीत मला ते दिसले नव्हते. आता बाकी सगळं दूर केल्यावर मोकळ्या माधवगंजात निळे ठिपके स्पष्ट दिसत होते. चारशे बारांपैकी सात.

ना ते एका गल्लीत होते, ना एका रांगेत. एक देवळामागे, दोन गिरणीजवळ, एक पार टोकाला. मोठी घरं म्हणावी तर एक दीड खोलीचं. दुकानवाली म्हणावी तर तीन नोकरदार. मी वीस वर्षं त्या बीटवर चाललोय, या सातांना जोडणारी वाट मला दिसेना.

दौलतसिंहनं शेवटच्या ठिपक्यावर खूण नेली. पडद्यावर नाव उमटलं: शांताबाई दातार.

"दीदींचं घर," तो म्हणाला. त्याला ते बोलायला आवडत नव्हतं, हे दिसत होतं. "काका, साहेब बोलतील, सबका मिटा दिया, खुद का छोड़ दिया. आता सांगा, कोणी केलं?"

६

मी तसाच शरयूच्या घरी गेलो. मनुष्य चुकतो, मीही चुकू शकतो. तिनंच केलं असेल तर? दुसरी नोकरी, काही भांडण, काय सांगावं? शरयू अजून कचेरीतून यायची होती. शांताताईनं पायरवावरून मला ओळखलं आणि पाट सरकवला.

"सोमवारी भालचंद्र इथं किती वाजेपर्यंत होता?" मी विचारलं, नुसतं विचारायचं म्हणून.

तिच्या वाती थांबल्या.

"सांगू का नको सांगू असं झालंय मला," ती म्हणाली. "पाठात गुरुजींची चूक काढू नये म्हणतात. पण सोमवारी त्यांनी चौथा अध्याय संपवला आणि एकदम अकरावा धरला. मधले गाळले. मला दिसत नाही, जयसिंगराव, पण सप्तशती मी पन्नास वर्षं ऐकतेय. मग बोलले, आई, एक वाजला, नैवेद्य दाखवा. मी दाखवला. ते गेले. आणि नंतर शेजारच्या दुकानातल्या रेडिओवर बाराचे टोले पडले. देवीला मी तास आधी जेवू घातलं."

मी लिफाफा काढला. उलट बाजूची नावं वाचली. जगदेवराव. सूर्याजी. मुकुंदराव. रघुनाथराव. सुधाताई. मंदाताई. शांताताई.

देवळामागचं घर. गिरणीजवळची दोन. पार टोकाचं. सात ठिपके, सात नावं, आणि ती मला त्यानंच बेडई खाता खाता सांगितली होती.

"शांताताई," मी म्हणालो, "घट बसल्यावर तो हलवला तर?"

"शिव शिव. दसऱ्यापर्यंत जागचा हलवत नाहीत. घरसुद्धा रिकामं सोडत नाहीत. गुरुजीच पहिल्या दिवशी बजावतात, बसलेल्या घटाला हात लावायचा नाही म्हणून."

मी घटाकडे बघत बसलो. खरं सांगतो, मला त्या क्षणी राग आला नाही.  चाळीस वर्षं ज्याच्या शेजारी बसलो तो कोण होता, तेच मला कळेनासं झालं. राग आला तो तिच्या घराचा जिना उतरताना.

आणि जिन्यातच ती आवक-रजिस्टरची ओळ आठवली. बत्तीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला ती तेव्हाच टोचायला हवी होती. कचेरीचं पत्र पदाच्या नावानं येतं: कक्षप्रमुख, अमुक विभाग. माणसाच्या नावानं सरकारी रजिस्टर्ड पत्र आलं, तर ते त्या माणसाविषयीच असतं.

७

साडेपाच वाजले होते. कचेरीत भालचंद्र एकटाच होता आणि अहवाल लिहीत होता. मी समोर बसलो.

"भालचंद्रा, सात घरं का सोडलीस?"

त्यानं पेनाचं टोपण लावलं. नाकारील असं मला वाटलं होतं. त्यानं नाकारलं नाही. बहुधा एवढी तरी आमची मैत्री शिल्लक होती.

"घट बसलेत तिथं," तो म्हणाला. "मीच बसवलेत. त्या मशीनवर ओळीत नाव दिसतं रे. नाव दिसलं की दार दिसतं, देव्हारा दिसतो. कोड पुसला की घर हलतं, घटासकट. बोट चालेना."

"बाकीच्या चारशे पाच घरांवर चाललं."

"ती माझी नव्हती."

"भोपाळच्या रजिस्टर्ड पत्रात तुझं नाव होतं ना? रायपूरला तुला जायचं होतं."

"दहा दिवसांत हरकत घ्या म्हणून लिहिलंय. बदली नाव द्यावं, सबळ कारणासह." तो खिडकीबाहेर बघत होता. खाली बाड्यावर हातगाडीवाले ओरडत होते. "दौलतसिंहला दिलं तर मशीन बंद पडतं, मशीन बंद तर कक्ष बंद. राजलक्ष्मीचं काम चोख. मी सत्तावन्नचा, जयसिंगा. तीन वर्षं राहिली. चार पिढ्यांची यजमानकी आहे, मी गेलो तर त्या घरांत घट कोण बसवणार?"

"आणि त्या सातांतल्याच एका घरातली पोर? तुला काका म्हणते. फिरताना उन्हात मी तिला सावलीत बस म्हणालो की म्हणायची, मोघेकाकांनी एवढ्या विश्वासानं काम दिलंय. तिचा घट हलवायला तुझा हात धजत नाही आणि तिला उपटून रायपूरला टाकायला धजतो?"

"ती तरुण आहे. करेल काहीतरी."

"तिची सासू त्या घराबाहेर आंधळी आहे, भालचंद्रा. घरात नाही."

 मग त्यानं कपाट उघडलं, पोथी बांधायच्या लाल फडक्यातून एक गुंडाळी काढली आणि टेबलावर ठेवली. शनिवारचा छापलेला नकाशा. माधवगंज निळ्या ठिपक्यांनी गच्च भरलेलं.

"फाडवला नाही," तो म्हणाला. "जयसिंगा, तू बत्तीस वर्षं लोकांची पत्रं वाहिलीस, एकही फोडलं नाहीस. तू कुणाला सांगणार नाहीस."

हे त्यानं म्हणायला नको होतं. माझा चांगुलपणासुद्धा त्यानं हिशेबात धरला होता.

"पत्र फोडायचं नसतं हे खरं," मी म्हणालो. "पण दाबून पण ठेवायचं नसतं. पोचवायचं असतं."

मी गुंडाळी काखेत मारली आणि उठलो.

शुक्रवारी सकाळी साहेबांपुढे तीन कागद ठेवले. शनिवारचा नकाशा, दौलतसिंहनं काढून दिलेला सात ठिपक्यांचा नकाशा आणि माझा लिफाफा. फार बोलावं लागलं नाही. भालचंद्र खाली मान घालून उभा होता, त्यानं एकाही गोष्टीला नाही म्हटलं नाही. साहेबांनी सात ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि भोपाळला जाणाऱ्या अहवालावरचं नाव आपल्या हातानं बदललं.

८

शनिवारी दसरा. घट उठवायला कुणाला बोलवायचं, यावर माधवगंजातल्या सात घरांत खलबतं झाली. सहा घरांनी दुसरा गुरुजी शोधला. शांताताई म्हणाली, "ज्यानं बसवला त्यानंच उठवावा. मधे देवीचा काय गुन्हा?"

भालचंद्र आला. मी दारातच बसलो होतो, आत गेलो नाही. त्यानं पूजा केली, घट उठवला. या वेळी एकही शब्द गाळला नाही, शांताताईनं कान देऊन ऐकलं. शरयूनं दक्षिणा ठेवली आणि त्याच्याकडे न बघता आत गेली. तिचं ते न बघणं मला त्याच्यासाठी पुरेसं वाटलं होतं. शांताताईला वाटलं नव्हतं. तिनं घटातलं वाढलेलं धान उपटलं, चाचपत त्याचा हात शोधला आणि त्यावर ठेवलं.

"हे रायपूरला न्या, गुरुजी," ती शांतपणे म्हणाली. "पुढच्या वर्षी इथला घट मी आणि शरयू बसवू. आम्हाला येतं."

तो दाराशी आला. माझ्यापुढे थांबून त्यानं आपट्याचं पान पुढे केलं. दसऱ्याला आलेलं सोनं कुणी नाकारत नाही, शत्रूचंसुद्धा. मी घेतलं. मात्र उलट द्यायला माझ्या खिशात पानं असूनही मी ती काढली नाहीत, आणि ते त्याला दिसलं.

मंडई माधवगंजाजवळच मंजूर झाली. दौलतसिंह नोएडाला गेला, जाण्याआधी त्यानं शरयूला मशीन शिकवलं. सराफ्याच्या तोंडाशी ते दुकान आहे अजून. मी तिथं जात नाही, बेडई घरीच होते.

डिसेंबरात माझ्या नावानं एक जाड पाकीट आलं. रायपूरचा शिक्का, वळणदार अक्षर. नवा पोस्टमन दारात उभा होता. पत्ता मी वाचला. नाव, घर नंबर, देवळामागची गल्ली, माधवगंज, लष्कर, पिनसुद्धा. इतका नीट पत्ता मी बत्तीस वर्षांत क्वचितच बघितला असेल. एखादी गोष्ट चुकली असती तर बरं झालं असतं, पाकीट आपोआप परत गेलं असतं.

मी पोस्टमनकडून त्याचं पेन मागून घेतलं. दुसऱ्यांच्या पत्रांवर हजारदा लिहिलेलं ते वाक्य पहिल्यांदाच स्वतःच्या पत्रावर लिहिलं, 'लेने से इनकार', खाली तारीख घातली आणि पाकीट त्याच्या पिशवीत परत टाकलं.